रस्त्याच्या मधोमध किती सिनेटर?

आमच्या घरासमोरचा रस्ता ओलांडला की मेरीलँड राज्य लागतं. तिकडच्या फुटपाथवर राहणाऱ्या माणसाला दोन सिनेटर, म्हणजे वरच्या सभागृहातले खासदार, असतात. इकडच्या फुटपाथवर, म्हणजे वॉशिंग्टन डीसीत राहणाऱ्याला शून्य. मग जो माणूस बरोबर रस्त्याच्या मधोमध उभा आहे, त्याला किती?

हा प्रश्न मी आईला विचारला. शेजारच्या अर्ल काकांना विचारला. पोस्टमनला विचारला. एकदा तर ट्रॅफिक पोलिसाला विचारला, त्याने मला फक्त रस्त्यातून बाजूला व्हायला सांगितलं! ताईला शंभरदा विचारला असेल. ती शाळेत गणित शिकवायची, तिला आकड्यांचं काहीही विचारा, उत्तर तयार. पण यावर म्हणायची, "संघ्या, वकिलाला विचार." मी नववी नापास, हॉटेलात भांडी घासणारा माणूस. माझ्या ओळखीत वकील कुठून येणार यार!

ताईला जाऊन आज चोवीस दिवस झाले.

आमची एक रविवारची मंडळी आहे. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर त्रिसरण-पंचशील होतं आणि मग गप्पा. ट्रॉयचा प्रशांतदादा, अल्फारेटाच्या वैशाली वहिनी, मॉरिसव्हिलचे नागदिवे काका, हे तिघं तीन वेगळ्या राज्यांतले, आणि इकडून ताई, आई नि मी. गेले तीन रविवार वंदना झाली की कुणीतरी म्हणतं, "सुजाताचा तो किस्सा आठवतो का?" की संपलं! तास जातो, दीड तास जातो. हसतात, रडतात, परत हसतात. पण एकच किस्सा तिघं तीन प्रकारे सांगतात, आणि प्रशांतदादा तर स्वतःची चूक तेवढी गाळूनच सांगतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहून काढावं. शुद्धलेखन वैशाली वहिनी बघणार आहेत. वहिनी, काही गाळलंत तर मला कळेल!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. ताई एकोणीस वर्षं डीसीत राहिली. आजार कळल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती. तिचा शेवटचा कागद, म्हणजे मृत्यूचा दाखला, डीसीचा असावा, मेरीलँडचा नको. जायचं तर रस्त्याच्या या बाजूला. बाकी काही मागितलं नाही तिने.

•

मी आलो त्या दिवशीचं आधी सांगतो.

ताई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. ती सिटिझन झाली, तिने आईला आणलं, आईने माझा अर्ज भरला. माझा नंबर लागेपर्यंत मला मिशी येऊन ती दोनदा काढूनही झाली होती! विमानतळावरून घरी येताना मी सहज विचारलं, "ताई, आपलं राज्य कुठलं?"

"आपल्याला राज्य नाही."

मी गारच पडलो. म्हटलं, कागदात काहीतरी गडबड झालीय, आता परत अकोला!

मग तिने समजावलं. राजधानी कुठल्याच राज्याच्या ताब्यात नको, म्हणून फार पूर्वी हा तुकडा वेगळा काढला. तेव्हा इथं माणसं थोडी होती. आज इथली वस्ती दोन अख्ख्या राज्यांपेक्षा जास्त आहे. टॅक्स भरायचा, सैन्यात जायचं, प्रेसिडेंटला मत द्यायचं, सगळं आहे. पण खालच्या सभागृहात आपला एकच प्रतिनिधी, तो बोलू शकतो, शेवटचं मतदान आलं की त्याला मत नाही. वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, कुणीच नाही. आणि इथल्या लोकांनी निवडलेल्या कौन्सिलने केलेला कायदा दुसऱ्या राज्यांनी तिथं पाठवलेले लोक कधीही रद्द करू शकतात.

मी म्हटलं, "म्हणजे लग्नात स्वयंपाक आपण करायचा, वाढायचंही आपणच, पण पंगतीत आपलं पान नाही!"

ताईने गाडी कडेला घेतली. खरंच घेतली! माझ्याकडे वळून म्हणाली, "नववी नापास? आणि एका वाक्यात सांगितलंस? मला वर्गात चाळीस मिनिटं लागतात रे!"

घरी पोचल्यावर मी गाडीची नंबरप्लेट पाहिली. नंबराखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. ताईने अर्थ सांगितला. टॅक्स घेता, पण प्रतिनिधित्व देत नाही, अशी तक्रार! सरकारी प्लेटवर!

"सरकारची तक्रार सरकारच छापतं?" मी विचारलं.

"काय करणार," ती म्हणाली, "भांडायला माणूस पाठवता येत नाही, मग गाड्या पाठवतो!"

•

आता प्रशांतदादाचा. दादा, सॉरी, पण हा राहून चालणार नाही.

ताईचा मंगळवार ठरलेला असायचा. शाळा सुटली की चहा, आणि चहा झाला की सिनेटरांच्या ऑफिसांना फोन. डीसीला राज्य करा, एवढंच सांगायचं. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला, "तुमचा झिप कोड?" म्हणजे इथला पिनकोड. ताईने डीसीचा झिप कोड सांगितला की कीबोर्डची टकटक. मग फार गोड आवाजात, "मॅम, तुम्ही तुमच्या स्वतःच्या सिनेटरशी बोलायला हवं."

"तोच नाहीये, म्हणून तर तुम्हाला फोन केला!"

फोन बंद.

एका रविवारी ती हे चिडून सांगत होती. प्रशांतदादा ट्रॉयला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, स्वभावाने एकदम दिलदार. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे दोन आहेत, नुसते पडून आहेत. मी कधी वापरलेच नाहीत. घे तू!" जसं काही घरात जास्तीची ब्लँकेटं आहेत!

तेव्हापासून आमच्या मंडळीत सिनेटर उसने द्यायची पद्धत पडली. एका मंगळवारी प्रशांतदादाचे, पुढच्या मंगळवारी वैशाली वहिनींचे, त्याच्या पुढच्या मंगळवारी काकांचे. काय बोलायचं ते ताई लिहून पाठवायची. त्यांनी फक्त 'मी'च्या जागी 'सुजाता' म्हणून वाचायचं.

पहिला फोन प्रशांतदादाचा. आम्ही सगळे कॉलवर, माइक बंद करून ऐकतोय. दादाने घसा साफ केला आणि ताईने पाठवलेला कागद जसाच्या तसा वाचायला सुरुवात केली. "मी वॉशिंग्टन डीसीत राहतो. मी सरकारी शाळेत गणित शिकवतो. मला एकही सिनेटर नाही."

पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमचा झिप कोड?"

दादाने ट्रॉयचा सांगितला!

"सर, तुम्हाला दोन सिनेटर आहेत. त्यांच्यापैकीच एकांच्या ऑफिसशी तुम्ही बोलताय."

आता माणसाने इथं थांबावं ना? पण दादा इतका घाबरला होता, की त्याने कागदावरची पुढची ओळ वाचली. "हे ऐकून तुम्हाला धक्का बसला असेल."

ती म्हणाली, "हो सर. बसला."

•

शिलाई मशीनचा किस्सा माझा स्वतःचा आहे, त्यामुळे यात कुणी काही गाळू शकत नाही.

आईला इथं करमेना. अकोल्याला ती दिवसभर मशीनवर असायची. म्हणून ताईने एका लहानशा दुकानाच्या साइटवर तिच्यासाठी मशीन निवडलं. पत्ता भरला. राज्य निवडायची वेळ आली, तर यादीत पन्नास राज्यं, डीसी नाहीच! आणि राज्य निवडल्याशिवाय पुढं जाता येईना.

अर्ल काका आमच्या शेजारी राहतात. वय झालंय, पूर्वी सिटी बस चालवायचे, जन्म इथलाच. ते म्हणाले, "अगं, मेरीलँड टाक. ड्रायव्हर कुठं बघतोय!"

"नाही," ताई म्हणाली. "आज मशीनसाठी मेरीलँड टाकलं, तर उद्या सगळ्यासाठी टाकावं लागेल."

मग तिने कस्टमर केअरला फोन लावला. तो फोन चालला पंचावन्न मिनिटं! आई स्वयंपाकघरातून म्हणत होती, "राहू दे गं बाई, हाताने शिवते मी!" मला ते बघवेना. ताई फोन घेऊन अंगणात गेली, तेवढ्यात मी तिच्या लॅपटॉपवर मेरीलँड टाकून बटण दाबलं. माझं असंच आहे, हात आधी चालतो.

पाच दिवसांनी ट्रक आला. ड्रायव्हरने लेबल वाचलं. मेरीलँड. त्याने आमच्या घराकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, आणि प्रामाणिक माणूस, गाडी वळवून मशीन समोरच्या बाजूला मेरीलँडात नेऊन ठेवलं! समोर फार आजारी माणसांना ठेवतात तसली एक बैठी इमारत आहे. तिथल्या बायकांनी ते उतरवूनही घेतलं!

आई खिडकीतून ओरडतेय, "माझं मशीन! माझं मशीन त्या दवाखान्यात गेलं!"

मी पळत गेलो. लोखंडी मशीन, उचलवेना. तिथल्या नर्सने हसत हसत एक व्हीलचेअर दिली. मी मशीन खुर्चीत बसवलं, पट्टा लावला आणि निघालो. डावं चाक कुरकुरत होतं. रस्त्याच्या मधोमध आलो आणि मला एकदम सुचलं. मी थांबलो.

"ताई! मी आत्ता इथं उभा आहे, तर मला किती सिनेटर?"

दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या. ताई आमच्या फुटपाथवर कमरेवर हात ठेवून उभी. लाल झालेली!

"आधी मशीन आण, गाढवा!"

•

त्याच मशीनवर आईने जे केलं, ते ऐका.

चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनाला, आमच्या भागात छोटी परेड निघते. अर्ल काकांचा जुना झेंडा कडेने फाटला होता, तो त्यांनी महिनाभर आधीच आईकडे दिला. आईला मोजायची सवय. शिवता शिवता तिने तारे मोजले. "पन्नास. यातला तुझा कुठला गं?"

"माझा नाही आई. प्रत्येक राज्याचा एक."

"दिल्ली राजधानीच आहे ना? तिकडच्या लोकांना खासदार आहेत."

"आहेत."

"मग तुम्ही काय घोडं मारलंय यांचं?"

ताई हसली आणि शाळेत गेली. दुपारी मी घरी आलो तर आईने स्वतःच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ सोडून एक तुकडा कापला होता आणि निळ्या भागावर एक्कावन्नावा तारा शिवत होती! वंदनेला नेसायचं लुगडं ते! तारा कसला, भाकरीएवढा! बाकीचे पन्नास त्याच्यापुढे बटणं वाटत होते.

मी म्हटलं, "आई, झेंड्यात असं काही घालता येत नाही!"

"तू गप्प बस. यादीत पोरीचं नाव नसलं तर आई लिहिणार नाही तर कोण लिहिणार?"

"पण एवढा मोठा?"

"लहान काढला तर कुणाला दिसणार!"

अर्ल काका झेंडा न्यायला आले. बघून टोपी काढली त्यांनी. भुवया आवळून ताऱ्याचा टाका न् टाका बघितला. मग सांगितलं, की डीसीच्या लोकांना पहिल्यांदा प्रेसिडेंटला मत देता आलं तेव्हा ते शाळेत होते. त्यांची आई रविवारची टोपी घालून रांगेत उभी राहिली, आणि यांनी तिची पर्स धरली होती. तोपर्यंत तेवढंसुद्धा नव्हतं इथल्या लोकांना!

आईला वाटलं, म्हाताऱ्याला राग आला. ती मला म्हणाली, "विचार त्यांना, उसवू का?"

मी विचारलं. अर्ल काका म्हणाले, "आईला विचार, अजून मोठा करता येईल का?"

तो झेंडा अजून त्यांच्या पोर्चवर आहे. रस्त्यापलीकडून बाकी काही दिसत नाही, तो तारा दिसतो.

•

नागदिवे काका मूळचे नागपूरचे, रिटायर झालेले, मंडळीत सगळ्यात मोठे. एप्रिलमध्ये जयंतीला आमच्याकडे आले होते. सकाळी फिरायला म्हणून गेले आणि धापा टाकत परत आले.

"सुजाता! मोजून आलो मी! तुझ्या फाटकापासून त्या बाजूच्या फुटपाथपर्यंत एकतीस पावलं! एकतीस पावलांत दोन सिनेटर मिळतात पोरी! तिकडं घर घे आणि मोकळी हो ना! कशाला डोकं फोडून घेतेस?"

ताई त्यांना खीर वाढत होती. म्हणाली, "काका, तुम्ही वस्ती सोडून निघालात, तेव्हा वस्तीत नळ आला का?"

काकांचा चमचा तसाच राहिला.

"नाही आला," ते म्हणाले. "माझी मोठी बहीण तिथंच राहिली. तिने बायकांचा मोर्चा नेला, रिकाम्या घागरी घेऊन, तेव्हा आला."

"मग मी तुमची ती बहीण समजा. अजून खीर घ्या."

काका मॉरिसव्हिलला परत गेले आणि असे पेटले, की स्वतःच्या दोन्ही सिनेटरांना हाताने पत्रं लिहिली! चार-चार पानं! डीसी, घागरी, नळ, सगळं! दीड महिन्यांनी एका ऑफिसचं उत्तर आलं. काकांनी ते रविवारी कॉलवर सगळ्यांना दाखवलं. छान कागद, खाली सही. आत लिहिलेलं, समुद्रातल्या मासेमारीविषयी आपण दाखवलेल्या कळकळीबद्दल मनापासून आभार!

काकांनी जन्मात गळ हातात धरला नाही. मासा पानात आला तर उठून जातात! वैशाली वहिनी हसून हसून कॅमेऱ्यातून गायब झाल्या.

काका बिचारे ओशाळले. म्हणाले, "सुजाता, बघ, असले सिनेटर. यांच्यासाठी जीव टाकतेस तू!"

ताई म्हणाली, "काका, तुम्हाला निदान चुकीचं उत्तर देणारा तरी कुणी आहे!"

काकांनी ते पत्र फ्रेम करून लावलंय. दिवाणखान्यात.

•

हा किस्सा कसा लिहू ते कळत नाहीये. पण लिहितो.

ताई मला एकदा सिनेटरांच्या ऑफिसांच्या इमारतीत घेऊन गेली. तिच्याकडे तिच्या वर्गातल्या पोरांनी लिहिलेली पत्रं होती, ती हातात द्यायची होती. लांबच लांब संगमरवरी कॉरिडॉर, दारादारावर राज्यांची नावं. एका दारात आम्ही गेलो. टाय लावलेला एक तरुण पोरगा, माझ्याच वयाचा. फार प्रेमाने म्हणाला, "वेलकम! कुठून आलात?"

ताई म्हणाली, "इथूनच. बसने अर्धा तास."

"नाही, म्हणजे राज्य कुठलं?"

"तेच मागायला आलोय."

त्याला कळलं. तरी चेहरा गोडच. म्हणाला, आम्ही आधी आमच्या राज्याच्या लोकांना वेळ देतो, तुम्ही झिप कोड लिहून ठेवा, पत्रं तिथं टोपलीत ठेवा. टोपली कोपऱ्यात होती. त्यात ऑलरेडी कुणाची तरी छत्री होती!

माझं डोकं फिरलं. माझं इंग्रजी म्हणजे भांडी घासताना शिकलेलं, पण आलं तोंडातून. मी विचारलं, "भाऊ, या इमारतीत आग लागली तर कुणाला बोलावता?"

तो म्हणाला, "डीसीच्या फायर ब्रिगेडला."

"मग मी त्यांना जाऊन सांगतो, आधी झिप कोड विचारा!"

कॉरिडॉरमध्ये उभा असलेला म्हातारा गार्ड खो खो हसला. तो डीसीचाच असणार! टायवाल्या पोराने उठून टोपलीतली छत्री काढली, पत्रं दोन्ही हातांनी घेतली आणि आतल्या खोलीत नेली. आणि ताई! ताई तर कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला टेकून हसत हसत खाली बसली. संगमरवरावर, मांडी घालून! मी पण तिच्या शेजारी बसलो. मी हसतोय, ती हसतेय, गार्ड हसतोय.

मग मी बघितलं तर तिने पोट धरलं होतं आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

ती हसून खाली बसलेली नव्हती.

•

पोटात गाठ होती. पसरलेली. डॉक्टरांनी महिने सांगितले नाहीत, आठवडे सांगितले.

आमच्या घराला अकरा पायऱ्या, तीव्र चढणीच्या. दुखणं सांभाळायला चोवीस तास माणूस हवा. जागा मिळाली ती कुठं? बरोबर समोर! जिथं आईचं मशीन गेलं होतं, तिथंच. मेरीलँडात!

ताई म्हणाली, "बघ संघ्या. एकोणीस वर्षं मी ज्या राज्यात राहायला गेले नाही, तिथं आता मला फुकट बेड देतायत!" आम्ही दोघं हसलो. आई हसली नाही.

भरती करताना तिथल्या बाई फॉर्म भरत होत्या. नाव, वय, काम. मग विचारलं, "राज्य?"

ताईच्या नाकात नळी होती. तरी म्हणाली, "पेंडिंग."

बाईंनी वर बघितलं. ताईने डोळा मारला. बाईंनी खरंच तसं लिहिलं! फॉर्मची कॉपी माझ्याकडे आहे.

तिची खोली रस्त्याच्या बाजूची. खिडकीतून अर्ल काकांचा पोर्च आणि आईचा तारा दिसायचा. पडल्या पडल्या ती मंगळवारचे फोन ठरवायची. प्रशांतदादाला आता कागद लागत नव्हता. वैशाली वहिनींनी तर एका ऑफिसला इतके फोन केले, की तिथली मुलगी त्यांना आवाजावरून ओळखायला लागली. एकदा म्हणाली, "मॅम, तुमची डीसीवाली मैत्रीण कशी आहे?" हे ऐकून ताई दिवसभर खूश होती. "बघा, एका ऑफिसला माहीत झालं, की डीसीत माणसं राहतात!"

आणि रोज मी निघताना ती म्हणायची, "लक्षात आहे ना? शेवटी तिकडं."

मी म्हणायचो, "हो गं. एकतीस पावलं तर आहेत."

•

तो रविवार होता. सकाळीच नर्सने आईला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, आज किंवा उद्या. आई ते ऐकून परत आली, ताईच्या केसांवरून हात फिरवला, आणि मला म्हणाली, "ने तिला."

मी विचारच केला नाही. नर्सकडे खुर्ची मागितली. तिने आणून दिली. तीच! डावं चाक तसंच कुरकुरत होतं. नर्स म्हणाली, तिला हलवणं योग्य नाही, त्रास होईल. मग तिनेच ताईला उचलायला मदत केली, सिलिंडर मागे अडकवला, अंगावर दोन ब्लँकेटं घातली. आणि पट्टा लावताना म्हणाली, "ही खुर्ची परत आणायची घाई नाही."

कॉल चालूच होता. वंदना नुकतीच झाली होती. फोन ताईच्या मांडीवर, ब्लँकेटच्या घडीत. त्या तिघांना नुसतं आभाळ दिसत असणार.

"कुठं निघालात?" प्रशांतदादाचा आवाज.

"घरी," ताई म्हणाली.

 मग नागदिवे काका म्हणाले, "मोज बेटा. मी पण मोजतो."

आम्ही सिग्नलपाशी आलो. ऊन छान पडलं होतं. समोरच्या फुटपाथवर अर्ल काका उभे, सूट घालून! आई आधीच पलीकडे गेली होती, फाटक उघडं धरून. चालायचा सिग्नल लागला, आकडे उलटे पडायला लागले. मी निघालो.

"एक," फोनमधून काका. "दोन." मग वैशाली वहिनी पण म्हणायला लागल्या. मग प्रशांतदादा. "सात. आठ." खुर्ची कुरकुरतेय. ताईची मान एका बाजूला, पण डोळे उघडे, ताऱ्याकडे. "तेरा. चौदा." अर्ल काका रस्त्यात उतरले, बस थांबवतात तसा हात वर करून. "पंधरा. सोळा."

ताईने हात उचलला. "थांब."

मी थांबलो. बरोबर मधोमध. सिग्नलवर सहा सेकंद राहिली होती. एका गाडीने हॉर्न दिला, अर्ल काकांनी तिकडे नुसतं बघितलं, हॉर्न बंद झाला. 

ताईने हळूहळू मान वळवली. माझ्याकडे बघितलं. फळ्यापाशी उभ्या असलेल्या पोराकडे बघावं तसं, खडू त्याच्या हातात देऊन.

"संघ्या," ती म्हणाली, "आता तू सांग. किती?"

चार. तीन.

मी खुर्ची ढकलली.

"सतरा!" काका ओरडले.